वाळूची तारीख

मोरवणे खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा (पाण्याखाली साठलेली वाळूची लांबट रास) नेमका कुठे आहे, असा एकच प्रश्न गावातल्या पाच तांडेलांना विचारण्यात आला. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, ती चालवणारा. पाचांना वेगवेगळे बसवले होते, कोणाचे उत्तर कोणाच्या कानावर जाणार नाही अशा बेताने. काठावरच्या पांढऱ्या खांबापासून दक्षिणेकडे किती मीटर, एवढेच सांगायचे होते. पहिला म्हणाला ऐंशी. दुसरा म्हणाला एकशे चाळीस. तिसरा दोनशे साठ, चौथा तीनशे वीस आणि पाचवा चारशे चाळीस.

पाचही जणांचे आयुष्य याच खाडीत गेलेले. पाचही जणांच्या होडीचा तळ त्या वाळूला घासलेला. आणि पाचांपैकी एकही जण खोटे बोलत नव्हता. मग एकच रास पाच ठिकाणी कशी असेल?

तुम्ही बसा निवांत विचार करत. जुईली कुबलला तेवढी सवड नव्हती. ती बारा वर्षांची होती आणि त्या दिवशी तिच्या अंगाची नुसती लाही लाही होत होती. का, ते आधी सांगायला हवे.

ही गोष्ट आजपासून चाळीस वर्षांनंतरची आहे. तेव्हा खाड्यांमधल्या प्रवासी बोटी आपल्या आपण चालतात. बोटीच्या पोटात नकाशा असतो, नकाशात खोली लिहिलेली असते, आणि बोट त्याबरहुकूम जाते. तरी कायद्याने प्रत्येक बोटीवर एक माणूस ठेवायचा असतो. मोरवण्याच्या बोटीवर तो माणूस म्हणजे जुईलीचे बाबा, सत्यवान तांडेल. दहा जानेवारीला सकाळी बोट खाडीच्या तोंडाशी आली तेव्हा समोरच्या पाण्याचा रंग त्यांना वेगळा दिसला. नकाशा म्हणत होता, इथे चार वाव पाणी आहे. (दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत होते ते एक वाव, सुमारे पावणेदोन मीटर.) बाबांचे डोळे म्हणत होते, इथे वाळू आहे. बाबांनी यंत्राच्या हातातून सुकाणू घेतले आणि बोट वळवली. पण उशीर झाला होता. बोट वाळूवर चढली, कलली, सगळे प्रवासी कमरेपर्यंत भिजले आणि एका गृहस्थाचा हात मोडला.

बोटींचे नकाशे काढणाऱ्या नकाशा मंडळाने काय निष्कर्ष काढावा? नकाशा बरोबर होता, यंत्र बरोबर होते, माणसाने मध्ये तोंड घालून बोट काठाच्या वाळूवर नेली म्हणून अपघात झाला. बाबांचा परवाना रोखून धरला. पडताळणीत नकाशा बरोबर ठरला तर तो कायमचा जाणार होता. वळवली नसती तर बोट पुरत्या वेगाने वाळूत घुसली असती, हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ नव्हता. नकाशा छापला की लोकांची अक्कल सुट्टीवर जाते, दुसरे काय.

तेव्हापासून बाबा जेटीवर जात नव्हते. मागच्या अंगणात बसून, विणून झालेलीच जाळी पुन्हा विणत होते. जुईलीला त्या जाळ्याचा राग येत होता, जेटीवरच्या लोकांच्या नजरांचा येत होता, आणि सगळ्यात जास्त राग येत होता आज सकाळी शाळेच्या सभागृहात येऊन उभ्या राहिलेल्या तीन पायांच्या यंत्राचा.

मंडळानेच ते पाठवले होते. त्याचे नाव पडताळणी यंत्र क्रमांक सत्तेचाळीस. डोक्यावर छत्रीसारखी अँटेना, आवाज गोड, बोलणे पुस्तकी. जुईलीने त्याचे नाव मापाडी ठेवले. मापाडीने सकाळी बाबा सांगत होते त्या अपघाताच्या जागी, म्हणजे खांबापासून दोनशे मीटरवर, पाणी मोजले. चार वाव भरले. वाळूचा पत्ता नाही. मग पाच तांडेलांना बोलावले. अकरा वाजता त्याने निकाल ऐकवला.

चार उत्तरे कोणाशीच जुळत नाहीत, म्हणून ती बाद. पाचवे उत्तर, नारूकाकांचे, चारशे चाळीस मीटर. नकाशातही दांडा बरोबर चारशे चाळीस मीटरवरच दाखवला आहे. दोन साक्षी जुळल्या, म्हणून तेच ग्राह्य. सायंकाळी पाच वाजता अहवाल मंडळाकडे रवाना होईल.

तांडेल मान खाली घालून निघून गेले. नारूकाका तर बिचारे रडायच्या बेताला आले होते. जुईली मात्र तिथेच थांबली. तिने सभागृहाचे दार आतून लावले आणि यंत्रासमोर जाऊन उभी राहिली.

"हा कुठला न्याय? चार माणसं खोटी आणि एक खरा, हे कोणी ठरवलं?"

"आपला आवाज वाढला आहे," मापाडी म्हणाला. "न्याय नव्हे, ही पद्धत आहे. आणि ती माझी नाही. ती नऊशे वर्षांपूर्वीची आहे."

मग त्याने सांगायला सुरुवात केली. बाराव्या शतकात, भूमध्य समुद्रातल्या सिसिली बेटावर, रॉजर राजाच्या दरबारात अल-इद्रिसी नावाचा एक अरब भूगोलतज्ज्ञ होता. राजाला साऱ्या जगाचा नकाशा हवा होता. आता विचार करा, उपग्रह नाही, विमान नाही, कॅमेरा नाही. आपण कधी न पाहिलेले जग कागदावर कसे आणायचे? एकच उपाय. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना विचारायचे. व्यापारी, खलाशी, यात्रेकरू, जो बंदरात उतरेल तो. पण प्रवासी माणूस घरी परतला की राईचा पर्वत करतो. चार दिवसांचा रस्ता चाळीस दिवसांचा होतो. म्हणून दरबारात नियम केला गेला. प्रत्येकाला वेगळे बसवून तोच प्रश्न विचारायचा. उत्तरे जुळली तर घ्यायची. नाही जुळली तर सोडून द्यायची. हे काम पंधरा वर्षे चालले. मग सगळी अंतरे मोठ्या फळ्यावर मांडून तपासली आणि चांदीच्या भल्यामोठ्या चकतीवर जगाचा नकाशा कोरला. ती चकती पुढे नाहीशी झाली, पण कागदावरचे नकाशे राहिले. त्यांच्या प्रती आजही आहेत.

मापाडीने भिंतीवर प्रकाश टाकला आणि नकाशा दाखवला. निळे समुद्र, रंगीत डोंगर, नद्यांच्या नागमोडी रेघा. जुईलीला तो आवडला आणि आवडल्याचा तिला रागही आला.

"उलटा आहे," ती म्हणाली.

मापाडीने तिला समजावले की उलटा नाही, यात दक्षिण वर काढली आहे. पृथ्वी अवकाशात तरंगणारा गोल आहे आणि गोलाला वरची बाजू नसते. उत्तर वर काढायची ही आपली सवय आहे, निसर्गाचा नियम नव्हे. कित्येक अरब नकाशाकार दक्षिण वर काढत. जुईलीने मान वाकडी करून आपला किनारा शोधला. तिला तो सापडेना. भारताचे खाली निमुळते होत गेलेले टोक नव्हतेच. किनारा जवळजवळ आडवा, सरळ पसरलेला, आणि शेजारी लंका मात्र केवढीतरी मोठी.

"आमचा किनारा असा चपटा कोणी केला?"

यंत्राने सरळ उत्तर दिले. अरब भूगोलकारांच्या लिखाणात ठाणे आहे, चौल आहे, कोकणातली बंदरे आहेत. पण अख्खा किनारा वरून खालपर्यंत नेमका कसा वळतो, त्याची पुरेशी मापे सिसिलीपर्यंत पोहोचलीच नाहीत. त्यात जुन्या ग्रीक नकाशांमधल्या समजुतीही मिसळल्या. जेवढे कळले तेवढे काढले.

"म्हणजे जे त्यांच्या दारात आले त्यांनाच विचारलं."

"होय. त्या काळी तेवढेच शक्य होते."

"तुला तर पाय आहेत," जुईली म्हणाली. "तीन."

माझ्या मते तिचे बरोबर होते. अल-इद्रिसीचा मला राग नाही. एका बेटावर बसून त्याने अर्धे जग गोळा केले, त्याला दंडवत. त्याची चूक म्हणजे कमी माहितीची चूक होती. पण नऊशे वर्षांनी, हाताशी सगळे असताना, तीच चूक करून वर तिला पद्धत म्हणायचे, हे मात्र खपवून घेण्यासारखे नाही.

जुईलीने यंत्राला फर्मावले की पाचही जणांची उत्तरे जशी ध्वनिमुद्रित केली तशी ऐकव. त्याने ऐकवली. सगळ्यात म्हातारे गुणाजी आजोबा बोलत होते, "तुळशीचा लगीन झाला ना, त्या दिसाक मी..." आणि मध्येच यंत्राचा गोड आवाज आला, "कृपया फक्त अंतर सांगा." दुसऱ्या तांडेलाने दत्तजयंतीचे नाव काढले. कृपया फक्त अंतर सांगा. तिसरा माघी गणपतीच्या दिवसाबद्दल बोलू लागला, चौथा शिमग्याबद्दल. नारूकाका म्हणत होते, "गेल्या वैशाखात मी शेवटची होडी काढलंय, तेवां..." कृपया फक्त अंतर सांगा.

पाच वेळा तेच. पाचही जणांचे वाक्य एकाच ठिकाणी कापले होते.

"तू त्यांना 'केव्हा' ते सांगूच दिलं नाहीस."

"प्रश्न 'कुठे' असा होता. सिसिलीतही नगरे, डोंगर, नद्या यांच्याबद्दल 'कुठे' असेच विचारले जाई."

"डोंगर हलतात का? वाळू हलते. गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

मापाडी थोडाही चिडला नाही. त्याने विचारले, किती हलते? कोणत्या दिशेला? सगळे सांगतात की हलते, इकडे-तिकडे जाते. इकडे-तिकडे हे माप नव्हे. जी वस्तू नियमाशिवाय हलते ती नकाशावर मांडता येत नाही, आणि जी मांडता येत नाही तिच्यावर कोणाचा परवाना सोडवता येत नाही.

हे जुईलीला झोंबले. ती दार आपटून बाहेर पडली आणि तरातरा खाडीवर गेली. बारा वाजून गेले होते, ओहोटी लागली होती, आणि उघड्या पडलेल्या चिखलवाळूत बायका ओळीने वाकून तिसरे (शिंपल्यातले खाण्याचे जीव) काढत होत्या. त्यात तिची सुगंधा आत्या होती. बाबांची सख्खी बहीण, हातात खुरपे, कमरेला टोपली.

जुईलीने तिच्यापुढे सगळी भडास ओकली. यंत्र असे म्हणते, तसे म्हणते, किती हलते ते सांगा म्हणते, आता काय डोंबल सांगायचे? आत्या खुरपे चालवत ऐकत होती. मग कंबर सरळ करून म्हणाली, "त्यात काय सांगूचा नाय? दर अमाशेक नि पुनवेक आमी चाळीस पावलां दक्षिणेक सरकतंव. तिसरे वाळूच्या पाठोपाठ जातत, नि आमी तिसऱ्यांच्या."

शेजारच्या बायकांनी माना डोलावल्या. पावसाळा संपला की खांबाच्या जवळ सुरुवात करायची, मग पंधरवड्याला चाळीस पावले. त्यांच्या आया तशाच सरकत, आज्याही तशाच. मग मात्र जुईली खरीच भडकली, आपल्याच माणसांवर. एवढे माहीत होते तर चौकशीत का नाही सांगितले? बाबा तीन महिने घरात कोंडून बसले आहेत.

आत्याचा चेहरा बदलला. "आमका कोण इचारूक येतलो गो? आमी चौघीजणी गेलंव होतंव ऑफिसात. थंयचो सायब म्हणालो, बाई, ही बोटीची चौकशी आसा, तिसऱ्यांची न्हय."

जुईलीने आत्याचा ओला हात धरला आणि तिला टोपलीसकट शाळेत ओढत नेले.

तिथून पुढचे सगळे अगदी पायरी पायरीने झाले. तेही तुम्हाला तसेच सांगतो. आधी मापाडीने आत्याला सभागृहात चालायला लावून तिचे पाऊल मोजले. पंचाहत्तर सेंटीमीटर. चाळीस पावले म्हणजे तीस मीटर. पंधरा दिवसांना तीस मीटर, म्हणजे महिन्याला साठ. मग पाच तांडेलांना पुन्हा बोलावले. या वेळी जुईली यंत्राच्या शेजारी उभी होती आणि कोणाचे वाक्य कापले तर छत्री मोडीन असे तिने बजावले होते. प्रत्येकाला एकच जादा प्रश्न विचारला गेला. वाळू केव्हा पाहिलीत?

गुणाजी आजोबांनी ती तुळशीच्या लग्नाला पाहिली होती. यंत्राने पंचांग उघडून तारीख लावली, दहा नोव्हेंबरच्या आसपास. ऐंशी मीटर. दत्तजयंती, महिन्याने पुढे. एकशे चाळीस. माघी गणपती म्हणजे फेब्रुवारी, दोनशे साठ. शिमगा, मार्च, तीनशे वीस. आणि नारूकाकांचा वैशाख, गेल्या वर्षीचा मे महिना, चारशे चाळीस.

जुईलीने खडूने फरशीवर आलेख (दोन मापांचे एकमेकांशी असलेले नाते दाखवणारे चित्र) काढला. आडव्या रेघेवर महिने, उभ्या रेघेवर मीटर. पाच ठिपके दिले. त्यांच्यावर आत्याने दोरी ताणून धरली, आणि पाचही ठिपके दोरीखाली आले. एकही बाजूला गेला नाही. जे पाच जण सकाळी एकमेकांना खोटे पाडत होते ते सगळे एका रेघेत उभे होते.

मग मापाडीने वाळूच्या प्रवासाचे कारण सांगितले. पावसाळ्यात नदीला पूर आला की खाडीचे तोंड धुऊन निघते आणि दांडा समुद्रात वाहून जातो. पाऊस ओसरला की लाटा तीच वाळू पुन्हा काठाकडे आणतात आणि खांबाजवळ नवी रास बसते. आपल्याकडे पाऊस नसलेल्या महिन्यांत लाटा वायव्येकडून तिरप्या येतात. तिरपी लाट प्रत्येक कणाला थोडेसे दक्षिणेकडे ढकलते. एका लाटेने काही होत नाही, पण लाटा दिवसरात्र येतात. असे मे अखेरपर्यंत चालते. मग पुन्हा पूर, पुन्हा खांब.

"आता दहा जानेवारीचं बघ," जुईली म्हणाली. तिने खडू आडव्या रेघेवरून सरळ वर नेला. खडू दोरीला लागला तिथे दोनशे होते. बाबांची बोट वाळूवर चढली तीच जागा.

"आणि तुझा नकाशा कधी काढला?"

"दोन वर्षांपूर्वी," मापाडी म्हणाला, "मे महिन्यात."

मे महिन्यात दांडा चारशे चाळीसवर असतो आणि दोनशेवर चार वाव पाणी असते. म्हणजे नकाशाही खोटा नव्हता. तो सहावा साक्षीदार होता, तोही आपल्या परीने खरे सांगत होता, पण फक्त मे महिन्याचे. त्याच्यावर तारीखच नव्हती. म्हणून मे महिन्याची गोष्ट तो जानेवारीतही छातीठोकपणे सांगत राहिला, आणि त्याच्यापायी एका माणसाची अब्रू गेली.

मापाडीने अहवाल बदलावा एवढेच आता बाकी आहे, असे जुईलीला वाटले. पण यंत्र म्हणाले, अजून नाही. ती पुन्हा उसळली. मापाडीने तिला बोलू दिले आणि मग एक जुनी हकीगत सांगितली. अल-इद्रिसीच्याही तीनशे वर्षे आधी बगदादचा खलिफा अल-मामून याला पृथ्वी केवढी आहे ते मोजायचे होते. त्याने सपाट वाळवंटात मोजणीदारांचे दोन गट पाठवले. एक गट उत्तरेकडे निघाला, ध्रुवतारा एक अंश (पूर्ण वर्तुळाचा तीनशे साठावा भाग) वर चढेपर्यंत. दुसरा दक्षिणेकडे, ध्रुवतारा एक अंश खाली उतरेपर्यंत. खुंट्या ठोकत, दोरीने जमीन मोजत. नंतर दोन्ही आकडे समोरासमोर ठेवले. ते अगदी जवळजवळ जुळले. एका अंशाचे अंतर कळले की तीनशे साठने गुणायचे, पृथ्वीचा घेर हाती येतो. एकाच गटाचे मोजमाप चुकू शकते, पण वेगळ्या वाटेने गेलेले दोघे तिथेच पोहोचले तर ते मानावे लागते.

"आपले तांडेल हा एक गट आणि या बाई दुसरा. दोघांचे जुळले, हे मोठेच आहे," तो म्हणाला. "पण ही रेघ घडून गेलेल्या गोष्टींवरून काढली आहे. मंडळ म्हणेल, मागाहून कोणीही रेघ जुळवील. न पाहिलेली गोष्ट आधी सांगून खरी करून दाखवली, तर मग मंडळाला बोलायला जागा राहत नाही. आज दहा एप्रिल आहे."

जुईलीने खडू दोरीपर्यंत नेला. तीनशे ऐंशी. तो दांडा आज अजून कोणीही पाहिलेला नव्हता. नकाशा सांगत होता चारशे चाळीस. दोन वाजले होते, आणि पाच वाजता अहवाल जाणार होता.

ती धावत घरी गेली. बाबा अंगणात जाळे घेऊन बसले होते. त्यांची स्वतःची लहान होडी चालवायला परवाना लागत नव्हता. तिने धापा टाकत सगळे सांगितले. त्यांनी ऐकले आणि पुन्हा जाळ्यात सुई घातली. म्हणाले, "माका नको. त्या वाळूक एकदा बघितलंय, पुरे."

तिने बाबांच्या हातातले जाळे ओढून बाजूला फेकले. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यावर ओरडली. "आख्खो गाव सांगता, तुमी बरोबर होतास. आता तुमकाच पटवूक होया काय?"

बाबा उठले आणि चपला न घालताच निघाले.

होडीत चौघे होते. बाबा वल्ह्यावर, आत्या पुढे, जुईली मध्ये शिशाच्या गोळ्याची दोरी घेऊन, आणि पाय दुमडून बसलेला मापाडी. यंत्राचा मोजणीचा दिवा खांबावर रोखलेला होता आणि तो अंतर सांगत होता. आधी ते चारशे चाळीसवर गेले, नकाशाच्या जागी. जुईलीने गोळा सोडला. एक वाव गेली, दोन, तीन. साडेतीन वावांवर गोळा टेकला. नकाशात जिथे वाळू होती तिथे माणूस बुडेल एवढे पाणी होते.

परत वळून होडी उत्तरेकडे निघाली. चारशे वीस, चारशे दहा, चारशे. मापाडी आकडे सांगत होता. तीनशे नव्वदवर पाण्याचा रंग बदलला. बाबांनी तो सगळ्यांच्या आधी पाहिला. तीनशे ऐंशीला जुईलीने गोळा सोडला तेव्हा दोरी तिच्या हातातून अर्धी वावही गेली नाही.

बाबांनी वल्हे ठेवले आणि होडीतून खाली उतरले. भर खाडीत, जिथे नकाशा मोठ्या बोटी बुडतील एवढे पाणी दाखवत होता, तिथे ते उभे राहिले. पाणी गुडघ्याच्या जरासे वर आले. ते चार पावले चालले, पायाच्या अंगठ्याने वाळू चाचपली, आणि मग खाली वाकून दोन्ही हातांनी तोंड धुऊ लागले. बराच वेळ ते तोंड धूत होते. आत्याने जुईलीचे डोके आपल्याकडे वळवले, बघू नको म्हणून.

पाच वाजता अहवाल गेला, तो वेगळाच गेला.

मंडळाचे पत्र यायला तीन आठवडे लागले. परवाना परत मिळाला. पत्रात लिहिले होते की नकाशात ऋतुमानानुसार दुरुस्ती करण्यात येत आहे. चुकलो, असा एक शब्द नव्हता. तुम्हाला त्रास झाला, असेही नव्हते. जुईलीने ते पत्र फाडायला घेतले होते, बाबांनी तिच्या हातातून काढून घेतले. राग जायला हवा होता, पण तो गेला नाही, आणि माझ्या मते जायला नकोही होता. मंडळाची ती टाळाटाळ तिला अजून आठवते.

नवा नकाशा मात्र आला तो बघण्यासारखा होता. खाडीच्या तोंडाशी एका दांड्याऐवजी सात तुटक रेघा, प्रत्येकीवर महिन्याचे नाव. कोपऱ्यात मोजणीची तारीख. आणि तळाला, बारीक अक्षरात, ज्यांना विचारले त्यांची नावे: पाच तांडेल आणि अकरा बायका. मापाडीने मंडळाला आणखी एक कागद जोडून पाठवला होता. किनाऱ्यावरच्या बेचाळीस खाड्यांची ती यादी होती, आणि प्रत्येकीपुढे लिहिले होते की इथे अजून कोणाकोणाला विचारायचे राहिले आहे. पुढच्या खाडीवर जाताना त्याने जुईलीला विचारले की सुट्टीत सोबत येशील का, कारण लोक त्याच्यापेक्षा तिच्याशी जास्त बोलतात. तिने सांगितले, येईन, पण तू कोणाचे वाक्य कापायचे नाहीस.

मे महिन्यात बाबा पुन्हा बोटीवर गेले. पहिल्या फेरीला जुईली त्यांच्या शेजारी उभी होती. खाडीच्या तोंडाशी येताच बोटीचा वेग आपोआप कमी झाला आणि यंत्राचा आवाज आला, "पुढे वाळू आहे. आज ती कुठे आहे, कृपया सांगा."

मागच्या बाकांवरचे प्रवासी बाबांकडे बघू लागले. बाबांनी पाण्याकडे बघितले.

"थांब जरा," ते यंत्राला म्हणाले. "इचारून सांगतंय."

आणि कठड्याला धरून, ओहोटीत वाकून तिसरे काढणाऱ्या आपल्या बहिणीला त्यांनी हाक मारली, "सुगंधा, आज खंय गो?"

आत्याने कंबर सरळ केली आणि खुरपे धरलेला हात उचलला. ती कुठे बोट दाखवते ते बघत, सगळ्या प्रवाशांसकट, बोट थांबून राहिली.